दागिने तिचे, मग केळीची बाग कुणाची?

समजा, यावल तालुक्यातल्या एका मुलीचं लग्न ठरलं. वडिलांनी जळगावच्या सराफ बाजारातून पाच तोळ्यांचे दागिने केले. पावती वडिलांच्या नावाची. लग्नानंतर दागिने सासूच्या कपाटात गेले आणि सणवार सोडले तर तिथेच राहिले. मुलगी मात्र दुसऱ्याच महिन्यापासून शेतात जाऊ लागली. पंधरा वर्षं तिने केळीची बाग सांभाळली. कंद लावले, पिलं कापली, ठिबकच्या नळ्या तपासल्या, मजुरांच्या भाकरी थापल्या. बागेच्या पैशातून जळगावात फ्लॅट झाला. मग नवरा-बायकोचं बिनसलं आणि गोष्ट घटस्फोटावर आली. आता तिच्या वाट्याला काय येईल?

असं विचारलं की दोन उत्तरं ऐकू येतात. एक, "नवऱ्याचं अर्धं तिचंच असतं." दुसरं, "दागिने काय नि घर काय, सगळं सासरचं. खावटी मिळाली तरी पुष्कळ." दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. ज्यांची पावती तिच्या नावाची नाही आणि जे तिच्या कपाटात कधी नव्हते, ते पाच तोळे पूर्णपणे तिचे आहेत. आणि ज्या बागेत ती पंधरा वर्षं राबली, त्या बागेतला एक गुंठाही कायदा तिला आपोआप देत नाही. हे असं का, ते समजलं की बाकीचं बरंच उलगडतं.

लग्नाने बांध मोडत नाही

शेजारी-शेजारी दोन शेतं आहेत आणि मध्ये बांध आहे, असं धरू. एक शेत नवऱ्याचं, एक बायकोचं. गोव्यासारखे अपवाद सोडले तर भारतात लग्न झालं म्हणून हा बांध मोडत नाही. दोघं मिळून नांगरतील, पेरतील, एका ताटात जेवतील. पण बांधाच्या अलीकडचं तिचं आणि पलीकडचं त्याचं. ती पलीकडे जाऊन पंधरा वर्षं राबली तरी पीक आणि जमीन पलीकडच्याचीच राहते. घटस्फोटाच्या वेळी कोर्ट संसाराची बेरीज करून तिला दोनाने भागत नाही. ते एवढंच विचारतं, की कोणती वस्तू कुणाची होती.

हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा. त्यात 'मालमत्ता' या विषयावर एकच छोटं कलम आहे, २७ वं. लग्नात किंवा लग्नाच्या सुमाराला मिळालेल्या आणि दोघांच्या सामाईक असलेल्या वस्तूंचं काय करायचं, ते कोर्टाने निकालातच ठरवावं, असं ते सांगतं. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ थोडा सैल केला. लग्नाआधी किंवा नंतर दिलेली वस्तूसुद्धा, तिचा लग्नाशी संबंध असेल तर, यात येते. पण पुढच्या पंधरा वर्षांत घामाने उभं राहिलेलं घर, विहीर, ट्रॅक्टर या कलमात बसत नाहीत.

माझ्या मते कायद्यातली ही फार मोठी उणीव आहे. लग्नमंडपात एका दिवसात मिळालेल्या वस्तूंना कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे. नंतरच्या हजारो दिवसांच्या कष्टाची मालकीच्या खात्यात नोंदच नाही.

पाच तोळे तिचे कसे?

लग्नाआधी, लग्नात किंवा लग्नानंतर माहेरच्यांनी, सासरच्यांनी, नवऱ्याने, मैत्रिणींनी तिला म्हणून जे दिलं, ते तिचं स्त्रीधन. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं की सासरी राहायला गेली म्हणून तिच्या स्त्रीधनात नवऱ्याचा वाटा निर्माण होत नाही. दागिने सासूच्या कपाटात असतील तर सासूकडे ती फक्त ठेव आहे. मागितल्यावर परत न करणं हा फौजदारी विश्वासघात ठरू शकतो. एप्रिल २०२४ मध्ये याच न्यायालयाने पुन्हा सांगितलं की अडचणीच्या काळात नवऱ्याने बायकोचं सोनं वापरलं तरी ते किंवा त्याची किंमत परत करण्याची जबाबदारी त्याची राहते. बागेला खत घालायला बांगड्या गहाण पडल्या असतील, तर त्या बांगड्यांचा हिशेब संपलेला नसतो.

मग पावती वडिलांच्या नावाची का चालते? कारण पावती मालकी ठरवत नाही. अमुक दिवशी अमुक वजनाचे दागिने खरेदी झाले, एवढंच ती सांगते. लग्नाच्या महिनाभर आधीची वडिलांच्या नावाची पावती, त्याच दागिन्यांतला लग्नाचा फोटो आणि घरातली यादी, हे तिन्ही एकत्र आले की पुरावा भक्कम होतो. सोन्याची मोड करून नवे दागिने केले असतील तर जुन्या-नव्या वजनाची नोंद असलेली पावती फार उपयोगी पडते. बहुतेक घरांत नेमकी तीच फेकून दिलेली असते.

यादी करायला लोक घाबरतात. हुंड्याच्या कायद्यात अडकू, असं त्यांना वाटतं. खरं तर १९८५ सालच्या केंद्राच्या नियमांनीच वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींची वेगवेगळी यादी करायला सांगितलं आहे. वधूची यादी वधूने स्वतःजवळ ठेवायची. वस्तू, तिची अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहून खाली दोघांच्या सह्या घ्यायच्या. गुन्हा आहे तो मागून घेतलेल्या हुंड्याचा. आणि तसा हुंडा सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या हाती गेलाच असेल, तर हुंडा प्रतिबंधक कायद्याचं सहावं कलम सांगतं की तो तीन महिन्यांच्या आत त्या स्त्रीच्या हवाली केला पाहिजे. मुलाच्या बोटातली अंगठी आणि गळ्यातला गोफ भेट म्हणून दिला असेल, तर तो मात्र मुलाचा.

━━━━━━━━━━━━━━━
चौकट : घरात कोणते कागद जपावेत?

• दागिन्यांच्या आणि मोडीच्या पावत्या, लग्नाचे फोटो, दोघांच्या सहीची भेटींची यादी
• फ्लॅट किंवा प्लॉटचं खरेदीखत आणि पैसे कुणाच्या खात्यातून गेले ते दाखवणारे बँकेचे उतारे
• शेतीचा सातबारा आणि आठ-अ, जुन्या फेरफार नोंदींसह
• कर्जाची कागदपत्रं : कर्जदार कोण, सहकर्जदार कोण, जामीनदार कोण
• विमा, भविष्य निर्वाह निधी आणि बँक ठेवींवर नामनिर्देशित (नॉमिनी) म्हणून कुणाचं नाव आहे त्याची नोंद

मोफत कायदेशीर मदत : उत्पन्न कितीही असलं तरी प्रत्येक स्त्रीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. दूरध्वनी १५१००.
━━━━━━━━━━━━━━━

जळगावातला फ्लॅट

फ्लॅटच्या बाबतीत पहिला प्रश्न खरेदीखतावर नाव कुणाचं, हा. एकट्या नवऱ्याचं असेल तर फ्लॅट त्याचा. बायकोच्या पगारातून हप्ते गेले असतील तर ती तेवढ्या पैशांवर दावा सांगू शकते, पण ते बँकेच्या उताऱ्यावर दिसावं लागतं. दोघांचं नाव असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचा नियम लागतो. ज्याने जितके पैसे घातले त्या प्रमाणात त्याचा हिस्सा, आणि कुणी किती घातले हे ठरवताच येत नसेल तर दोघांचा हिस्सा सारखा धरायचा. दोन नावं असली की निम्मं-निम्मं, हा समज म्हणून नेहमीच खरा ठरत नाही.

नवऱ्याच्या पैशाने फ्लॅट बायकोच्या नावावर घेतला असेल तर? बेनामी व्यवहारांच्या कायद्याने पती-पत्नीमधल्या अशा खरेदीला, पैशाचा स्रोत उघड असेल तर, सूट दिली आहे. मग वाद उरतो हेतूचा : घर तिला द्यायचं म्हणून घेतलं, की फक्त सोयीसाठी नाव घातलं? अशी प्रकरणं वर्षानुवर्षं रेंगाळतात.

कर्जाचं लोकांच्या उशिरा लक्षात येतं. घटस्फोट नवरा-बायकोत होतो, बँकेशी होत नाही. सहकर्जदार म्हणून सही केलेली बायको निकालानंतरही बँकेच्या लेखी कर्जदारच राहते. तडजोडीत "फ्लॅट त्याचा, हप्तेही तोच भरेल" असं लिहिलं, तरी बँकेने तिचं नाव लेखी वगळेपर्यंत तिची मान मोकळी होत नाही.

फ्लॅट सासूच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असेल तर त्यात तिची मालकी नाही. पण लग्न टिकून असताना ती तिथे संसार करत होती, तर कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली (२००५) तिथे राहण्याचा हक्क ती मागू शकते. घर सासऱ्याचं आहे एवढ्यावरून हा हक्क नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवलं. हा हक्क छपराखाली राहण्याचा आहे. त्या घराची मालकी त्यातून मिळत नाही.

सातबाऱ्यावर कुणाचं नाव?

खान्देशात खरी संपत्ती जमिनीत असते, आणि स्त्रीला सगळ्यात कमी मिळतं तेही तिथेच. आपल्या गोष्टीतली बाग बहुधा नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर नसतेच. ती आजोबांकडून आलेली असते आणि सातबाऱ्यावर सासरे, दीर, नणंदा यांची नावं असतात. हिंदू एकत्र कुटुंबाच्या अशा जमिनीत सून स्वतःहून वाटणी मागू शकत नाही. मात्र नवरा हयात असताना तो आणि त्याची मुलं यांच्यात वाटणी झालीच, तर आपल्याकडच्या हिंदू कायद्याप्रमाणे बायकोला मुलाएवढा हिस्सा मिळतो. पण त्यासाठी ती तेव्हा बायको असावी लागते. घटस्फोटानंतर हा हिस्सा गेला आणि नवऱ्यामागे विधवा म्हणून मिळणारा वारसाहक्कही गेला.

मुलांचं तसं नाही, आणि आयांनी हे पक्कं लक्षात ठेवावं. आई-वडील वेगळे झाले तरी वडिलोपार्जित जमिनीतला मुलांचा जन्मसिद्ध हक्क जात नाही. मुलगी असली तरी नाही. महाराष्ट्राने मुलींना हा हक्क देशाच्या आधी, १९९४ मध्येच दिला, आणि २००५ मध्ये तो देशभर आला. त्यामुळे तडजोडीच्या कागदात "मुलांचा वडिलांच्या मालमत्तेवर कोणताही हक्क राहणार नाही" असं एखादं वाक्य घुसवलेलं दिसलं, तर आईने तिथेच थांबावं. अज्ञान मुलांचा स्थावर हक्क कोर्टाच्या परवानगीशिवाय आईने असा सोडून द्यायचा नसतो.

जमीन नाही, विहिरीचं पाणी

मालकीत वाटा नाही, मग घटस्फोटात लाखांचे आकडे कानावर येतात ते कसले? ते पोटगीचे. मघाच्या बांधाकडे पुन्हा पाहू. कायदा बांध सरकवत नाही, पण पलीकडच्या विहिरीतून अलीकडे पाणी द्यायला लावतो. किती पाणी, ते विहीर किती खोल आहे आणि अलीकडची गरज किती आहे यावर ठरतं.

हिंदू विवाह कायद्याच्या २४ व्या कलमाखाली दावा चालू असताना आणि २५ व्या कलमाखाली निकालाच्या वेळी किंवा नंतर पोटगी मागता येते. ती दरमहा किंवा एकरकमी असू शकते आणि नवराही मागू शकतो. याशिवाय, कोणत्याही धर्माच्या स्त्रीला जो मार्ग पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमाने खुला होता, तो १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात आहे. पुन्हा लग्न न केलेली घटस्फोटित स्त्रीही त्यात येते.

आकड्याचं ठरलेलं सूत्र नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम रास्त म्हटली, ती त्या प्रकरणापुरती दिशा होती; सगळ्यांना तोच दर नाही. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने हेही बजावलं की दोघांच्या संपत्तीची बरोबरी करणं हा पोटगीचा उद्देश नाही. बायकोला सन्मानाने जगता यावं, हा आहे.

भुसावळच्या रेल्वे कर्मचाऱ्याची विहीर किती खोल, ते पगारपत्रक सांगतं. केळी उत्पादकाची कोण सांगणार? शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, म्हणून विवरणपत्रात ते नीट उमटत नाही. भाव रोज बदलतो, आणि वादळात बाग आडवी झाली की वर्षच जातं. कोर्टात नवरा म्हणतो, "काही उरत नाही." कधी ते खरं असतं, कधी नसतं. या अडचणीवर मोठा उपाय नागपूरच्या कुटुंब न्यायालयात सुरू झालेल्या एका प्रकरणातून आला. 'रजनेश विरुद्ध नेहा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी पोटगीच्या प्रत्येक दाव्यात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र देणं सक्तीचं केलं. शेतकऱ्यांसाठी त्याचा वेगळा नमुना आहे. एकूण जमीन किती, बागायत की कोरडवाहू, पीक कोणतं, गुरं किती, कर्ज किती, हे सगळं त्यात शपथेवर लिहावं लागतं. खोटं लिहिलं तर कारवाई होऊ शकते. पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून लागू व्हावी, हेही याच निकालाने ठरवलं. तारखांवर तारखा पडतात तेव्हा ही गोष्ट लाखमोलाची ठरते.

आणखी एक तरतूद आहे, जी फार कमी वापरली जाते. २५ व्या कलमाखाली कोर्ट पोटगीच्या रकमेचा बोजा नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर चढवू शकतं. सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा जसा सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात दिसतो, तसाच हा बोजाही नोंदवून घेता येतो. मग जमीन विकायला काढली तर घेणाऱ्याला तो आधी दिसतो. शेतकरी कुटुंबातल्या स्त्रीच्या वकिलाने हे मागितलंच पाहिजे, असं मला वाटतं.

पंचांचा कागद

धुळे-जळगावच्या खेड्यांत आजही पुष्कळ जोडपी कोर्टाची पायरी चढत नाहीत. पंच बसतात, मुद्रांक कागदावर फारकत लिहिली जाते, दागिने आणि भांडी मोजून परत होतात, एखादी रक्कम ठरते. वस्तू परत मिळाल्याची पोच म्हणून हा कागद कामाचा. घटस्फोट म्हणून मात्र तो तेव्हाच टिकतो, जेव्हा त्या समाजात तशी जुनी रूढी असल्याचं कोर्टात सिद्ध होतं. हिंदू विवाह कायद्याच्या २९ व्या कलमाने रूढीला जागा ठेवली आहे, पण रूढी सिद्ध करण्याचं ओझं ती सांगणाऱ्यावर असतं. ते जमलं नाही तर दहा वर्षांनी पहिली बायको वारस म्हणून उभी राहते आणि दुसरीचा संसार अधांतरी लटकतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा-शिरपूरकडच्या पावरा आणि भिल्ल समाजांत चित्र निराळं आहे. अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा आपोआप लागू होत नाही. तिथे देज मुलाकडून मुलीच्या घरी जातं, आणि लग्न मोडलं की बोलणी होतात ती देज परत करण्याची. मुस्लिम स्त्रीसाठी १९८६ चा कायदा आहे. मेहेर आणि लग्नाआधी, लग्नात वा नंतर तिला मिळालेल्या सगळ्या वस्तू तिच्याच. शिवाय तिच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद नवऱ्याने इद्दतीच्या, म्हणजे घटस्फोटानंतर पाळायच्या ठरावीक काळाच्या, मुदतीतच करायची, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये लावला.

परस्परसंमतीने घटस्फोट घेणाऱ्यांसाठी एक सावधगिरीची सूचना. "अमुक गटातला एक एकर पत्नीला" असं संमतीच्या अटींत लिहिणार असाल, तर तो गट क्रमांक मूळ अर्जातही दावाविषय म्हणून आलेला हवा. नाहीतर निकालानंतर वेगळं नोंदणीकृत खत करावं लागतं, आणि तोवर माणसांची मनं बदललेली असतात. हुकूमनाम्याची नक्कल घेऊन तलाठ्याकडे फेरफार करून घेतल्याशिवाय काम पूर्ण झालं असं समजू नये.

गोव्यात बांधच नाही

सावंतवाडी ओलांडून पेडण्यात गेलं की नियम उलटा होतो. गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा कौटुंबिक बाबतीत अजून चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर लग्नासोबत दोघांची मालमत्ता एक होते आणि प्रत्येकाचा त्यात निम्मा हिस्सा असतो. जमीन विकायची तर खतावर दोघांची सही लागते. घटस्फोट झाला की निम्मं-निम्मं. "नवऱ्याचं अर्धं तिचंच" हे वाक्य डिचोलीतल्या मराठी घरात बरंचसं खरं आहे, यावलकडच्या डांभुर्णीत नाही.

देशभरासाठी थोडं त्या दिशेने जाण्याचा एक प्रयत्न झाला होता. विवाह कायद्यांत दुरुस्ती करणारं २०१० चं विधेयक राज्यसभेने ऑगस्ट २०१३ मध्ये मंजूर केलं. लग्न पुरतं मोडकळीला आलं या कारणावरून घटस्फोट देताना नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेतून बायकोला वाटा मिळावा, अशी तरतूद त्यात होती. लोकसभेत ते मंजूर झालं नाही, आणि २०१४ मध्ये ती लोकसभा संपली तशी त्या विधेयकाची मुदतही संपली.

विटनेरने केलं ते

कायद्याची वाट न बघता एक प्रयोग जळगाव जिल्ह्यातच झाला. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं आणि बायकांच्या नावावर जमीन नाही हा प्रश्न ऐरणीवर आला. त्यातून पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी 'लक्ष्मी मुक्ती'ची हाक दिली : घरची लक्ष्मी म्हणता, तर जमिनीचा तुकडा तिच्या नावावर करा. शंभर किंवा अधिक कुटुंबांनी असं केलं की ते गाव लक्ष्मी मुक्तीचं गाव. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर हे त्यातलं गाजलेलं नाव. तिथल्या पुरुषांनी नांदत्या संसारात, भांडण नसताना, बायकांच्या नावे जमीन केली. १९९२ मध्ये महसूल खात्याने परिपत्रक काढलं. त्यानुसार नवऱ्याने स्वतः अर्ज केला तर बायकोचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लागतं.

यात एक मर्यादा आहे. सातबारा हा महसुलाचा कागद आहे, आणि नुसत्या नोंदीने मालकी सिद्ध होत नाही, असं कोर्टं वारंवार सांगत आली आहेत. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घराला दोघांचं नाव लागलं, तरी तेच. पक्कं काम नोंदणीकृत बक्षीसपत्राने होतं. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवऱ्याने बायकोला बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार असेल तर तो वेगळा. अट एवढीच की जमीन त्याची स्वकष्टार्जित किंवा वाटणीत त्याच्या एकट्याच्या वाट्याला आलेली हवी. एकत्र कुटुंबातला न वाटलेला हिस्सा त्याला एकट्याला असा देता येत नाही. म्हणून आधी सगळ्या हिस्सेदारांत वाटणीपत्र, मग बक्षीसपत्र आणि शेवटी फेरफार, हा क्रम पाळावा. जमिनीवर किंवा घरावर कर्ज असेल तर बँकेची संमती आधी घ्यावी. आणि असं खत एकदा रीतसर नोंदलं गेलं, की पुढे दोघांचं पटलं नाही एवढ्या कारणाने ते मागे घेता येत नाही.